तेरावं प्रकरण, जसंच्या तसं

धाकटीला प्रोग्रामिंग कुणी शिकवलं नाही. शिंप्याच्या घरात वाढलेल्या मुलीला कापड बेतायला कुणी शिकवावं लागत नाही, तसंच ते. मामांच्या पुस्तकाची पानं लावता लावता ते तिच्या बोटांत आपसूक उतरलं.

आई गेली तेव्हा थोरली चौदा वर्षांची होती आणि धाकटी नऊ. मामा दोघींचा हात धरून त्यांना आपल्या घरी घेऊन आले. मामा-मामींना मूलबाळ नव्हतं, त्यामुळे घरात जागा होती आणि मायाही. पुढे थोरली लग्न होऊन विमानाच्या अंतरावर गेली. धाकटी राहिली. तेवीस वर्षं झाली, तरी घरात तिचं नाव धाकटीच.

मामा कॉलेजात संगणक शिकवायचे आणि सगळे त्यांना सर म्हणायचे. नवख्यांसाठी त्यांनी लिहिलेलं प्रोग्रामिंगचं पुस्तक बारा प्रकरणांचं होतं आणि त्याच्या आठ आवृत्त्या निघाल्या होत्या. त्याची पानं लावायची धाकटीने. आधी थोडा मजकूर, मग करड्या चौकटीत प्रोग्राम, त्याच्याखाली पांढऱ्या चौकटीत त्याचं आउटपुट, म्हणजे तो चालवल्यावर पडद्यावर जे उमटतं ते. ऐकायला सोपं, करायला महाकठीण. प्रोग्रामसाठी फॉन्ट असा हवा की प्रत्येक अक्षराला सारखीच जागा मिळेल, नाहीतर ओळीखाली ओळ बसत नाही. सुरुवातीला सोडलेली चार रिकामी घरं चारच राहिली पाहिजेत, तीन झाली की अर्थाचा अनर्थ. लांब ओळ समासाबाहेर जाता कामा नये आणि पान संपताना चौकट मधोमध तुटता कामा नये. तिसऱ्या आवृत्तीच्या वेळी छापखान्यातल्या एका हौशी माणसाने सगळी सरळ अवतरणचिन्हं 'सुंदर दिसतात' म्हणून वळणदार करून टाकली होती. मुलांनी पुस्तकात पाहून प्रोग्राम टाइप केले आणि एकही चालेना. पोतंभर पत्रं आली. "सौंदर्याने माझा घात केला," असं म्हणत मामा महिनाभर घरात फिरत होते. त्यानंतर त्यांनी पानांचं काम बाहेर दिलं नाही. तेव्हा धाकटी अठरा वर्षांची होती.

कामाची खोली वरच्या मजल्यावर, मागच्या बाजूला होती. मामांचं टेबल खिडकीपाशी आणि धाकटीचं भिंतीला लागून. खुर्ची जरा मागे सरकवली की पाठ कपाटावर आपटायची, त्यामुळे तिने गेल्या कित्येक वर्षांत त्या खोलीत आळस दिला नव्हता. पाठीमागे मामा काय करतायत हे तिला न बघता कळायचं. पेनाचं टोपण उघडलं, चष्मा पुसला, मनाशी हसले. आणि हल्ली, बराच वेळ काहीच नाही.

पहिली चूक तिला सातव्या आवृत्तीत सापडली. वर्गाच्या गुणांची सरासरी काढायचा साधा प्रोग्राम होता. मामांनी मुलं मोजायच्या आधीच बेरजेला मुलांच्या संख्येने भागलं होतं. संख्या तेव्हा शून्य. खाली आउटपुट म्हणून मात्र त्यांनी स्वतःच्या हाताने अगदी बरोबर सरासरी लिहिली होती. घाईत झालं असेल, असं म्हणून तिने दोन ओळींची अदलाबदल केली. आठवड्याने दुसरी चूक सापडली, मग तिसरी. मग एक दिवस मामा तिला म्हणाले, "ते अमकं गं, पुन्हा पुन्हा फिरतं ते, काय म्हणतात त्याला?"

"लूप, मामा."

"हां, तेच ते."

तो शब्द त्यांनी तीस वर्षं रोज उच्चारला होता.

ती खाली स्वयंपाकघरात गेली आणि तिने मामीला सांगितलं. मामीने नळ बंद केला, हात पुसले, पुन्हा पुसले. डोळे तपासायचे आहेत असं सांगून मामीने त्यांना डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, हे विसरणं वाढत जाणार, पण हळूहळू. त्या दिवशी मामीने धाकटीला कोपऱ्यात घेतलं.

"ह्यांना कळू देऊ नकोस. पुस्तक आहे तोवर माणूस उभा आहे. पुस्तक हातातून गेलं की हे अंथरूण धरतील. तू आहेस ना? तू गुपचूप नीट करत जा."

"अगं मामी, पण किती दिवस?"

"होईल तितके दिवस," मामी म्हणाली. आणि वर ते कायमचं वाक्य, जे ती रागावून कधीच म्हणायची नाही, म्हणून जास्त लागायचं: "आम्ही तरी तुम्हाला आणताना दिवस मोजले होते का?"

आठवी आवृत्ती अर्धीअधिक धाकटीने लिहिली. मुखपृष्ठावर मामांचं नाव, प्रस्तावनेत 'पृष्ठरचनेसाठी भाचीचे आभार' अशी एक ओळ. समारंभात लोक मामांना म्हणाले, "सर, तुमची लेखणी वयाबरोबर तरुण होतेय." मामा हसले. धाकटी मागच्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होती.

नववी आवृत्ती सुरू झाली तेव्हा ती बत्तीस वर्षांची होती आणि तिच्या नावाने एक पत्र येऊन पडलं होतं. दुसऱ्या शहरात विज्ञानाची पुस्तकं काढणारी एक संस्था होती. तिथल्या बाईंनी मामांच्या पुस्तकाची पानं पाहून विचारलं होतं की असं काम करणारं माणूस आम्हाला हवंय, तुम्ही याल का? कळवायची मुदत महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत. धाकटीने ही गोष्ट फक्त थोरलीला फोनवर सांगितली.

"जा," थोरली म्हणाली. "डोळे मिटून जा."

"आणि मामा?"

"मामा काय तुझ्या एकटीचे आहेत?"

"नाहीत ना? मग तू ये."

मग थोरली म्हणाली, "बघते गं, मुलांच्या परीक्षा होऊ देत." तिच्या मुलांच्या परीक्षा बारमाही चालायच्या.

त्याच आठवड्यात प्रकाशनाचे संपादक घरी आले. गोल चेहऱ्याचा, घाईचा, मनाने चांगला माणूस. ते म्हणाले, "सर, यापुढे आउटपुट हाताने लिहायचं नाही, असं आमच्याकडे ठरलंय. पान बनतानाच प्रोग्राम आपोआप चालायला हवा आणि जे खरं उत्तर येईल तेच चौकटीत बसायला हवं. म्हणजे चुकीला वावच नाही. ताईंना जमेल ना?"

"तिला काय जमत नाही?" मामा म्हणाले. मग त्यांनी टेबलाचा खण उघडून एक जाड वही बाहेर काढली. "आणि ही माझ्याकडून भेट. तेरावं प्रकरण. संपूर्ण नवं. चार महिने लिहितोय, कुणाला सांगितलं नव्हतं."

संपादक खूश झाले. धाकटी वहीच्या जाडीकडे बघत राहिली.

मामांनी वही तिच्या हातात दिली आणि सगळ्यांदेखत सांगितलं, "आणि ऐक. यातला एक स्वल्पविरामही हलवायचा नाही. जसंच्या तसं लावायचं."

वहीत एकोणीस प्रोग्राम होते. अक्षर मोत्यासारखं, मामांचं जुनंच. तिने दोन दिवसांत सगळं टाइप केलं, नव्या पद्धतीने चौकटी आखल्या आणि पानं बनवायला लावली. पानं बनेनात. चौथ्या प्रोग्रामपाशी सगळं अडकलं. तो एकदा सुरू झाला की थांबतच नव्हता, एकच ओळ पुन्हा पुन्हा छापत बसला होता. त्याला बाजूला काढून तिने बाकीचे चालवले. सात चालले. त्यातल्या दोनांनी मामांनी वहीत लिहिलेलं उत्तर दिलं. उरलेल्यांच्या चौकटीत एररचे निरोप आले. हे नाव ठाऊक नाही, इथे कंस मिटवलेला नाही, शून्याने भागता येत नाही.

"नेहमीसारखं कर ना," मामी भाजी चिरता चिरता म्हणाली.

"ते म्हणालेत हलवायचं नाही."

"ते म्हणतात गं. तू कर."

धाकटी वर गेली. तिने पहिला प्रोग्राम नीट केला, दुसरा, तिसरा. तिसऱ्यात तर मामांची एकच ओळ शिल्लक राहिली. तेव्हा तिच्या ध्यानात आलं की हे दुरुस्त करणं नव्हेच. हे प्रकरण तिने लिहायचं, मग दहाव्या आवृत्तीत चौदावं, आणि मामी म्हणेल होईल तितके दिवस. खोलीत मामा खिडकीपाशी चष्मा पुसत होते आणि ती भिंतीकडे तोंड करून बसली होती. ती तशीच किती वेळ बसली तिचं तिला कळलं नाही. मामा म्हणाले, "काय गं, लागतंय ना नीट?"

"लागतंय, मामा."

मग तिने आपण केलेले सगळे बदल पुसून टाकले.

गुरुवारचा अख्खा दिवस तिने त्या चुका नीट मांडण्यात घालवला. हे वेडेपण आहे हे तिला कळत होतं, पण पान वाईट दिसलेलं तिला सहन व्हायचं नाही. एररच्या ओळी भल्यामोठ्या लांब होत्या आणि समासाबाहेर उतू जात होत्या. तिने त्या योग्य जागी तोडल्या, तोडल्या तिथे छोटा वळता बाण दिला, पुढची ओळ जराशी आत घेतली. चौकटीला फिकट लाल रंग दिला, डोळ्यांत खुपणार नाही इतकाच. जो प्रोग्राम थांबत नव्हता त्याच्या बारा ओळी ठेवल्या, खाली तीन टिंबं दिली आणि बारीक अक्षरात लिहिलं, 'येथे हाताने थांबवले.'

शुक्रवारी सकाळी चहा झाल्यावर तिने पानांचा गठ्ठा मामांच्या टेबलावर ठेवला. मामी जिन्यात उभी होती. धाकटीने तिच्याकडे बघितलं नाही.

मामांनी पोलादी पट्टी घेतली. ओळीखाली पट्टी ठेवून वाचायची त्यांची सवय. पट्टी एकेक ओळ खाली सरकत होती. धाकटी आपल्या जागी बसून दुसरंच काहीतरी उघडून बघत होती आणि तिला अक्षरही दिसत नव्हतं. दहा वाजले, अकरा वाजले. एकदा पट्टी मागे गेली, पुन्हा वरून सुरू झाली. साडेबारा वाजता मामांनी गठ्ठा मिटला.

"पानं फार सुरेख लावलीस," ते म्हणाले. "चुकीलासुद्धा किती मानाने बसवलंयस."

मग त्यांनी गठ्ठ्यावर बोट ठेवलं.

"यातलं किती चुकलंय?"

"सतरा, मामा. एकोणीसपैकी."

"आणि आठव्या आवृत्तीत?"

"आठव्यात काय?"

"वेड घेऊन पेडगावला जाऊ नकोस. आठव्यात तू किती बदललंस?" ते वळले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. "अगं, समान चिन्हाच्या दोन्ही बाजूंना मी कधी जागा सोडत नाही. आमच्या वेळी पडद्यावर जागाच कमी असायची, तेव्हापासूनची खोड. तू सोडतेस. पान उघडलं की मला दिसतं, ही माझी ओळ, ही तिची. सातव्यात अधूनमधून दिसायची. आठव्यात मी माझी शोधत होतो."

"तुम्हाला माहीत होतं?"

"विसरतो मी. आंधळा नाही झालो."

"तीन वर्षं माहीत होतं!" ती उठली आणि खुर्ची कपाटावर आदळली. "तीन वर्षं मी इथे चोरासारखी बसतेय, मामा. तुम्ही बघताय का, तुम्हाला कळतंय का, म्हणून जीव मुठीत धरून. एकदा तरी बोलायचं होतंत!"

"तू बोलशील म्हणून वाट बघत होतो. हे प्रकरणही त्यासाठीच जसंच्या तसं लावायला सांगितलं. म्हटलं, बघू तरी खरंच किती उरलोय मी."

"पण तुम्ही का नाही बोललात?"

मामांनी पट्टी उचलून पुन्हा खाली ठेवली.

"बोललो असतो तर तू गेली असतीस," ते म्हणाले.

इतकं सरळ उत्तर तिला अपेक्षित नव्हतं. रागावून बोलावं तर माणूस समोर कबूल होऊन बसलेला. तिने खणातून ते पत्र काढलं आणि त्यांच्यासमोर ठेवलं. त्यांनी तेही पट्टी लावूनच वाचलं.

"आजच कळवायचंय?"

"पाचपर्यंत."

"मग कळव की. चांगली जागा दिसतेय." त्यांनी पत्राची घडी पूर्वीसारखीच घातली आणि तिला परत दिलं. "जा. माझी परवानगी आहे म्हणून नको, तुला स्वतःला जायचंय म्हणून जा."

तिने फोन हातात घेतला. तेवढ्यात मामांनी गठ्ठ्यातून चौथ्या प्रोग्रामचं पान वर काढलं आणि ते त्यावर वाकले. बराच वेळ वाकून राहिले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "एक सांगशील? हा थांबत का नाही? मला खरंच दिसत नाहीये."

तिने फोन ठेवला. खुर्ची ओढून ती त्यांच्या शेजारी बसली. "हे बघा, मामा. इथे आपण विचारतोय की आकडा दहाच्या पुढे गेला का. पण आत तो आकडा वाढवायचाच राहिलाय. एक वाढवा, की थांबेल."

"अरे हो! काय मूर्ख आहे मी." त्यांनी पेन्सिलीने ओळ घातली. ओळ बरोबर होती. मग पाचवा. पाचवा त्यांचा त्यांनाच सापडला आणि ते लहान मुलासारखे खूश झाले. सहावा दोघांनी मिळून सोडवला. मामी जेवायला बोलवायला आली, दोघं शेजारी बसलेले बघून ताटं वरच घेऊन आली. सातव्यानंतर मामा पुन्हा चौथ्या पानाकडे गेले आणि म्हणाले, "हा थांबत का नाही गं?"

तिने पुन्हा सांगितलं. थोड्या वेळाने पुन्हा. तिसऱ्यांदा सांगताना त्यांचीच पेन्सिलीची ओळ त्यांना दाखवली, तेव्हा ते आपल्या अक्षराकडे नुसते बघत राहिले.

तिने घड्याळाकडे पाहिलं तेव्हा साडेपाच वाजून गेले होते. तरी तिने फोन लावला. पलीकडे कुणी उचलला नाही. ती नाही म्हणाली नव्हती आणि हो सुद्धा म्हणाली नव्हती. दिवसानेच काय ते ठरवून टाकलं होतं.

सोमवारी तिने पुन्हा फोन केला. त्या बाई सौजन्याने बोलल्या. जागा भरली होती. पुन्हा निघाली तर अर्ज करा, म्हणाल्या.

त्याच दुपारी संपादक आले. मामांनी त्यांना स्वतःच सगळं सांगितलं, काही न लपवता. तेरावं प्रकरण रद्द. आठवी आवृत्ती निम्मी हिची होती, नववी पूर्ण हिचीच असेल, तेव्हा मुखपृष्ठावर हिचंही नाव हवं. संपादक आधी गोंधळले, मग त्यांचा चेहरा उजळला. "अहो, हे तर फारच उत्तम! म्हणजे पुस्तकाला पुढची पिढी मिळाली. ताई, दहावी, अकरावी, बारावी आवृत्ती, आपण एकदमच ठरवून टाकू."

मामीने डोळ्यांना पदर लावला. "बघ, पोरीचं नाव झालं," ती म्हणाली, आणि त्या आनंदात खोट नव्हती. तिघेही तिच्याकडे बघत होते, तिघेही मनापासून हसत होते, आणि धाकटीला वाटलं की दार बाहेरून लावलं आणि वर त्याला हारही घातला.

"नववी करते," ती म्हणाली. "एकच."

"ते बघू हो," संपादक हसत म्हणाले.

"बघू नाही. लिहून घ्या, एकच आवृत्ती. दहावीसाठी दुसरं माणूस शोधा. त्याला शिकवायला मी दोन महिने देईन, त्यावर एक दिवस नाही."

मामीचं हसू मावळलं. संपादकांनी मामांकडे पाहिलं. मामा म्हणाले, "तिला विचारताय ना? मग तिच्याकडे बघून बोला." तेव्हा कुठे संपादकांनी ते वहीत टिपून घेतलं.

नववी आवृत्ती निघाली. धाकटीचं नाव मामांच्या खाली, जरा लहान अक्षरात आलं. थोरलीने फोन करून अभिनंदन केलं आणि विचारलं, "मग आता तर तू तिथेच ना?" जणू सगळं सुरळीत झालं. शेजारीपाजारी तिला लेखिकाबाई म्हणू लागले. दहावीसाठी दुसरं माणूस मिळत नव्हतं. संपादक दर महिन्याला सांगायचे की शोधतोय, आणि तिला खात्री होती की ते शोधत नाहीयेत. मामांना जिना एकट्याने चढवेना, म्हणून टेबल खाली आणलं. ते आता लिहीत नसत, पट्टी लावून जुनी पानं वाचत. कधी तिला ओळखून हाक मारत, कधी थोरलीच्या नावाने.

वर्ष सरत आलं तेव्हा त्या संस्थेत पुन्हा जागा निघाली. या वेळी धाकटीने अर्ज स्वयंपाकघरातल्या टेबलावर, मामीच्या समोर बसून भरला. मामी भांडी पुसून लावत होती. मग हात कोरडे करून तिने अर्ज उचलला आणि चष्मा लावून वरपासून खालपर्यंत वाचला.

"मी गेले तर तुझं एकटीचं कसं व्हायचं?" धाकटीने विचारलं.

"कसं व्हायचं ते होईल," मामी म्हणाली. "मला भीती वाटते, ते काही खोटं नाही. तू जाऊ नयेस असंच वाटतं अजून." तिने कागदावर एका ठिकाणी बोट ठेवलं. "पण जन्मतारखेत महिना चुकलाय तुझा. एवढी पानं लावतेस आणि स्वतःची तारीख धड लिहिता येत नाही?"

धाकटीने महिना दुरुस्त केला आणि अर्ज पाकिटात घातला. दुपारी जाऊन तिने तो टपालात टाकला. उत्तर अजून यायचं आहे.